सार्जंट तेजबहादूर स्थिरस्थावर होतात

ऑल्डरशॉट, इंग्लंड
६ डिसेंबर २००९

प्रिय मीतज्यू हस्तबीर पुन यांस,

आम्ही दोघे सुखरूप पोहोचलो, त्याला आज बारा दिवस झाले. फोन केला असता, पण बोर्नियोच्या जंगलात तोफेनं माझा डावा कान नेला आणि उजवा त्याच्या विरहात गेला, हे तुम्ही जाणताच. फोनवर मी फक्त ओरडू शकतो. शिवाय फोन सख्ख्या भावांना पुरत असेल. देवीपुढे टिळा लावून मीत झालेल्या भावांना कागद लागतो.

विमानतळावर एका कोवळ्या पोरीनं मला काहीतरी विचारलं. मी सावधान उभा राहिलो आणि पलटणीतला नंबर, हुद्दा, नाव सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, जरा चढ्या आवाजात. मागची सगळी रांग चिडीचूप झाली आणि पोरीनं मुकाट्यानं शिक्का मारला. माझी बायको, तुमची मितिनी, म्हणते पोरगी घाबरली. तसं काही नाही. सार्जंट समोर आला की माणूस ओळखतो.

घर विटांचं, तिमजली आहे. पुढे बाग, मागे बाग. एवढ्या मोठ्या घरात दोघांनाच करमणार नाही म्हणून सोबतीला आणखी दोन पेन्शनर जोडपी आहेत. शेजारचे गोरे साहेब रोज सकाळी आवर्जून विचारतात, 'बरे आहात ना?' अशी आस्था आपल्याकडे राहिली नाही. उत्तराला मात्र ते थांबत नाहीत, कामाची माणसं. परवा मी माझ्या पोटाचं सांगत होतो, तेवढ्यात ते गाडीत बसून गेले. उरलेलं मी काल सांगितलं.

इथला सूर्य नऊच्या सुमारास ड्युटीवर येतो आणि चारला घरी जातो. सरकारी आहे. गावच्या सार्वजनिक बागेत पलटणीतून निवृत्त झालेल्या आम्हा लाहुऱ्यांसाठी बाक जणू राखून ठेवलेत. आम्ही जाऊन बसलो की गोरे लोक आपणहून उठून दुसरीकडे जातात. इतका मान.

काळजी आहे ती तुमच्या मितिनीची. सुनमाया जन्मात बेनीच्या बाजारापलीकडे गेलेली नाही, अक्षरओळख नाही. तिला बजावून ठेवलंय, माझ्या मागे दोन पावलं चाल आणि कुणाशी बोलू नकोस.

आमच्या म्हशीवर लक्ष असू द्या. आठवड्यातून एकदा घराचं कुलूप काढून चूल पेटवत चला, धुरावाचून छप्पर सडतं. आणि तुमचं प्रकरण मी विसरलेलो नाही. चार वर्षं नोकरी भरली त्यालाच इथे राहायची परवानगी, आणि तुमची भरली तीन वर्षं अकरा महिने. एका महिन्यासाठी माणसाला डोंगरावर ठेवायचं, हा काय न्याय झाला? इथल्या कुणा मोठ्या साहेबाच्या कानावर घालीन म्हणतो. ओळखी वाढताहेत.

आपला,
सार्जंट (निवृत्त) तेजबहादूर गुरुंग


साल्मेडांडा
२ जानेवारी २०१०

मीतज्यूंना हस्तबीरचा नमस्कार.

पत्र बेनीच्या पोस्टात आठवडाभर पडून होतं. यापुढे माझ्या मुलाच्या पोखऱ्यातल्या पत्त्यावर घाला, तो वर आणून देतो. वाचनाचा कार्यक्रम पारावर झाला. निम्मं गाव जमलं होतं. सूर्य सरकारी आहे यावर म्हातारे इतके हसले की एकाला पाणी पाजावं लागलं.

इकडे सगळं जिथल्या तिथे. म्हैस व्याली, रेडी झाली. चूल दर शनिवारी पेटवतो. मागच्या शनिवारी धूर पाहून खालच्या वाडीतले लोक विचारायला आले, सार्जंटसाहेब परतले की काय म्हणून.

सध्या सून पोखऱ्याहून वर आलेली आहे, तिच्याकडे मोबाईल आहे. त्यावर मितिनींचा फोन येतो आणि ओमकुमारी तास तासभर बोलते. मी शेजारी बसतो, पण मला बायकोचं 'हो का?' आणि 'अगंबाई' एवढंच ऐकू येतं, त्यावरून अंदाज बांधतो. ओमकुमारी म्हणाली, तुमच्या वाट्याला एकच खोली आहे आणि स्वयंपाकघरात नंबर लागतात. मी तिला झापलं. म्हटलं, मीतज्यूंनी तिमजली लिहिलंय ते काय उगाच? खोली तिसऱ्या मजल्यावर असेल.

ती असंही म्हणाली, की मितिनी एकट्या बसनं बाजारात जाऊन कोथिंबीर घेऊन आल्या. बसचे आकडे त्यांनी पाठ केलेत म्हणे. एक बस म्हणजे खुंटी आणि मडकं, दुसरी म्हणजे दोन बदकं. पण त्या तुमच्या मागे दोन पावलं चालतात असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा बसमध्ये तुम्ही पुढच्या सीटवर असालच.

माझ्या त्या महिन्यासाठी कुणा साहेबाच्या पाया पडू नका. त्यांनी पलटण कमी करायला काढली, नावं वाचली, माझं नाव आलं. चाळीस वर्षं झाली. आता तो महिना परत मिळाला तरी ठेवायचा कुठे?

तुमचा मीत,
हस्तबीर


ऑल्डरशॉट
२४ जानेवारी २०१०

प्रिय मीतज्यू,

स्वयंपाकघरात नंबर लागतात हे खरं. ती शिस्त आहे. सहा माणसं एका शेगडीवर एकदम चालून गेली तर काय होईल? नंबर मीच लावून दिले.

पंधरवड्यापूर्वी मितिनीचे गुडघे दाखवायला डॉक्टरकडे गेलो. दुभाष्या मिळत होता, मी नाकारला. पंधरा वर्षं पलटणीत इंग्रजी बोललो, ती काय वाया घालवायची? डॉक्टरला म्हटलं, शत्रू उजव्या गुडघ्यात दबा धरून आहे, डोंगर चढताना हल्ला करतो, डाव्या बाजूनं कुमक येते आहे. डॉक्टरनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग मितिनीला बाजूला बसवून माझीच तपासणी केली. आजचा वार कोणता, साल कोणतं, शंभरातून सात कमी करत जा, असं सगळं. आता माझ्या डोक्याची खास तपासणी ठरली आहे. माजी सैनिकाची इथे एवढी निगा राखतात. पुढच्या आठवड्यात मितिनी एकटी गेली, गुडघ्यावर बोट ठेवून तोंड वाकडं केलं आणि औषध घेऊन आली. त्यात तिचं कौतुक काही नाही. गुडघा तिच्याजवळच होता.

बुधवारी मी टेहळणीला बाहेर पडलो. नव्या मुलखात पाऊल टाकलं की आधी चारी दिशा पाहून ठेवाव्यात, हे आपल्याला शिकवलेलं आहे. एक बस पकडून शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. तिथून दुसरी धरली. तो भाग पाहून झाल्यावर तिसरी. संध्याकाळी एक पोलीस बाई आपल्या गाडीतून मला घरापर्यंत सोडायला आली. पुढच्या सीटवर बसवलं. सबंध गल्ली दारात येऊन पाहत होती. शेजारच्या साहेबांनी तर त्या दिवशी दोनदा विचारलं, 'बरे आहात ना?' आणि थांबलेसुद्धा.

रेडीचं नाव काय ठेवलंत ते कळवा.

आपला,
सार्जंट (निवृत्त) तेजबहादूर गुरुंग


साल्मेडांडा
१८ फेब्रुवारी २०१०

मीतज्यूंना नमस्कार.

तुमच्या टेहळणीची बातमी पत्राआधी पोहोचली होती. ओमकुमारीनं ती अशी सांगितली: तुम्ही डेपोत, दिवे मालवलेल्या रिकाम्या बसमध्ये, टोपी मांडीवर ठेवून ताठ बसला होतात. ड्रायव्हर उतरा म्हणाला तर तुम्ही हुकमाशिवाय जागा सोडायला तयार नव्हता. तिकडे मितिनींनी पोलिसांना फोन लावला. त्यांना इंग्रजीचे चारच शब्द येत होते. म्हातारा, हिरवी टोपी, हरवला. चारांत काम झालं. पोलिसांनी म्हणे त्यांना विचारलं, तुम्ही कुठे शिकलात? म्हणून आता मितिनी चर्चच्या हॉलमध्ये इंग्रजीच्या वर्गाला जातात. बायकांच्या गप्पा, त्यातलं निम्मं मी सोडून देतो. हुकमाचं मात्र मला पटलं. तुम्ही तसेच आहात.

रेडीचं नाव राणी. आणखी काय लिहू? पारावर रोज तुमची आठवण निघते. थंडी यंदा बोचरी आहे. मी उन्हाला गच्चीवर बसतो. म्हणजे आपल्या अंगणालाच सूनबाई गच्ची म्हणते, तिची शहरातली सवय. झोप नीट लागत नाही, रस्त्यावर गाड्या फार झाल्यात. तुम्ही गेल्यापासून खालच्या वळणापर्यंत जीप येते, तिचा आवाज.

डोक्याच्या तपासणीत काय निघालं?

तुमचा मीत,
हस्तबीर


ऑल्डरशॉट
१४ मार्च २०१०

प्रिय मीतज्यू,

डोक्यात काही निघालं नाही. सगळं रिकामं आणि स्वच्छ आहे असं कळवलंय.

हे पत्र महत्त्वाचं आहे. नीट वाचा, पण पारावर वाचू नका.

तुमच्या मितिनीला इथलं मानवत नाही. दिवसदिवस उदास असते, गावच्या आठवणीनं डोळे टिपते. तिच्याकडे बघवत नाही म्हणून मी निर्णय घेतला आहे. मला स्वतःला इथे काहीच कमी नाही, मान आहे, ओळखी आहेत. पण संसारात पुरुषाला त्याग करावा लागतो. १७ एप्रिलच्या विमानानं आम्ही परत येतो आहोत.

बायकांच्या फोनवरून तुम्हाला काही वेगळं कळण्याआधी एक गोष्ट मीच सांगून टाकतो. मागच्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. वर्गातल्या बायकांनी घरून जिन्नस करून आणायचे होते. मितिनीनं आंबवलेल्या पाल्याचं, आपल्या गुंद्रुकचं लोणचं नेलं. ते खाऊन गळ्यात सोन्याची साखळी घातलेल्या एक मोठ्या बाई रडायला लागल्या. तिखटानं असणार. मग त्यांनी मितिनीला व्यासपीठावर बोलावलं आणि ती सहा वाक्यं इंग्रजीत बोलली. मला एकही कळलं नाही, कारण माझा डावा कान व्यासपीठाकडे होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथल्या पेपरात फोटो आला आहे. फोटोत मीही आहे. खाली छापलंय: 'श्रीमती गुरुंग आणि त्यांचे एक परिचित.'

यावर मला काही म्हणायचं नाही.

तर घर झाडून, शेणानं सारवून ठेवा. लोणच्याचे माठ उन्हात काढा. वाजंत्री सांगून ठेवावी असं मला वाटतं, पण ते गावानं आपणहून केलं तर जास्त शोभेल. तुम्ही फक्त बातमी पसरवा.

आपला,
सार्जंट (निवृत्त) तेजबहादूर गुरुंग


पोखरा
८ एप्रिल २०१०

मीतज्यू,

वर गावाचं नाव बदललेलं तुमच्या लक्षात आलंच असेल. खरं तर दोन जानेवारीलाच बदलायला हवं होतं. तुम्ही गेलात त्याच्या पंधराव्या दिवशी मुलगा जीप घेऊन आला आणि आम्हा दोघांना बिछान्यासकट उचलून घेऊन गेला. तेव्हापासून मी पोखऱ्यात आहे. सून वर आलेली नाही, आम्ही खाली आलोय.

घर सारवायला वर कुणी नाही. तुम्ही निघालात तेव्हा सात घरांत धूर होता. आता दोन घरांत आहे आणि ती दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत. पार आहे, पिंपळ आहे, पारावर माणूस नाही. वाजंत्री वाजवणारे कतारला गेले. म्हैस मी तुमच्या चुलतभावाला दिली. ती व्याली की नाही मला ठाऊक नाही. राणी फक्त माझ्या पत्रात जन्मली, आणि वाईट याचं वाटतं की तिचा मला लळा लागला होता. तुमची चूल मी एकदाही पेटवलेली नाही. पावसाळा यायच्या आधीच छपराच्या दगडी फरश्या घसरल्या असं ऐकतो.

तुमची पत्रं मी खालच्या सलूनमध्ये वाचून दाखवतो. तिथे गळ्यापाशी वस्तरा धरलेलं गिऱ्हाईक असतं, त्याला हलता येत नाही.

आता माझं ऐका. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. बूट कुठे काढायचे, नळ किती उघडायचा, संडासातली साखळी कधी ओढायची, याचे सूनबाईचे नियम आहेत आणि ते दर आठवड्याला बदलतात. ती वाईट नाही. मी तिच्या फरशीवर थुंकलो होतो, एकदाच. माझ्या गळ्यात तिनं किल्ली बांधली आहे, म्हशीला घंटा बांधतात तशी. समोर तळं आहे. मध्ये रस्ता आहे. रोज सकाळी मी रस्त्याच्या कडेला जाऊन अर्धा तास उभा राहतो आणि परत येतो. इतके महिने झाले, मी तळ्याच्या काठाला गेलेलो नाही. गाड्या संपतच नाहीत. बोर्नियोत नदी ओलांडली, पण हे जमत नाही.

तुम्हाला हे लिहायला हात होईना. तुम्ही तिमजली घरात, आणि मी पोराच्या कोपऱ्यात. तुमची खोली एकच आहे हे ओमकुमारीकडून कळलं तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? तरीही लिहिलं नाही. तुम्ही निदान परदेशात हरवलात. मी पोखऱ्यात हरवतो.

येऊ नका असं मी म्हणणार नाही. तुमच्याशिवाय मला इथे बोलायला कोण आहे? पण वर जाऊ नका. ते तुम्हाला बघवणार नाही. मला बघवलं नाही म्हणून मी जीपमध्ये मागे वळून पाहिलं नाही.

हस्तबीर


ऑल्डरशॉट
२ मे २०१०

मीतज्यू,

तुमचं पत्र मला चार दिवसांपूर्वी मिळालं. कुठल्याशा बर्फाच्या देशात ज्वालामुखी फुटला, आकाशात राख पसरली आणि आठवडाभर सगळी विमानं बंद होती. टपालही अडकलं आणि मीही अडकलो. सतरा तारखेला मी बॅग बांधून, टोपी घालून तयार होतो, आणि विमान नाही. ती बॅग तशीच खोलीत उभी राहिली. तुमची मितिनी तिच्यावर मोजे वाळत घालायची.

बॅग एकच होती. तिकीटही एकाचंच होतं. मितिनी उदास नव्हती, डोळे टिपत नव्हती. डोळे कांद्यानं भरत असतील तर तेवढंच. मी तिला मार्चमध्ये सांगितलं, की तुझ्यासाठी आपण परत जातोय. ती म्हणाली, "माझ्यासाठी नको. मला गुरुवारी वर्ग आहे." मी म्हटलं, मग मी एकटा जाईन. तिनं माझे लोकरीचे कपडे काढून ठेवले आणि म्हणाली, "जा. म्हशीला विचारलंय म्हणून सांगा."

आता कळतं, म्हैस दिल्याचं तिला ठाऊक होतं. जानेवारीपासून सगळं ठाऊक होतं. तुमचा जिना, तुमची किल्ली, रस्त्याच्या कडेला उभं राहणं, सगळं. तुमचं पत्र वाचून मी तिच्यावर रागावलो. विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती भांडी घासत होती, आमचा नंबर होता. हात न थांबवता म्हणाली, "सांगणार कसं? तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि घरात तुम्ही ऐकून घेत नाही."

तेव्हा लक्षात आलं, मीतज्यू, की हे चार-पाच महिने तुम्ही आणि मी तिकिटं चिकटवून एकमेकांना खोटं पाठवत होतो आणि आपल्या बायका खरं बोलून मोकळ्या होत होत्या. त्यांनी आपली पत्रं फोनवर एकमेकींना वाचून दाखवली नसतील असं मानायला जागा आहे, पण फार नाही.

तुम्ही खरं लिहिलंत, तर मीही लिहितो. बाक आमच्यासाठी राखलेले नाहीत. आम्ही बसलो की लोक उठतात, त्याचं कारण मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पोलीस बाईनं मला पुढे बसवलं कारण मागची सीट माझ्यासारख्याच एका हरवलेल्या कुत्र्यानं घेतली होती. स्वयंपाकघराचे नंबर मितिनीनं लावले. पेपरातला फोटो मी फाडला. तिनं दुसरा पेपर आणून भिंतीला लावला आणि खालची ओळ कापून टाकली, मी न सांगता.

तुमचं पत्र आलं तो बुधवार होता. दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागून चर्चच्या हॉलपर्यंत गेलो. दोन पावलं मागेच होतो, ती भराभर चालते. बाहेर थंडी होती म्हणून आत गेलो. मास्तरीण बाईंनी माझं नाव विचारलं, मग मी किती शिकलोय ते विचारलं, मग थोडा वेळ बोलायला लावलं. मला खालच्या वर्गात बसवलंय. मितिनी वरच्या वर्गात आहे. माझ्या शेजारी दोन सुभेदार आहेत. आम्ही तिघे एकमेकांशी बोललो नाही, पण तासभर बसलो.

तिकीट परत केलं. गावी जाणार नाही. दसऱ्याला आम्ही दोघे पोखऱ्याला येऊ. सूनबाईंना सांगा, बूट दारात काढीन.

आता तुमच्या रस्त्याचं. इथे खांबाला एक बटण असतं, ते दाबलं की गाड्या थांबतात. पहिल्यांदा माझ्या एकट्यासाठी सात गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा मला इतकी लाज वाटली की मी त्यांना सलाम ठोकून पळत सुटलो. पोखऱ्यात बटण नसणार. तेव्हा असं करा. रस्त्याच्या कडेला उभे राहा, पण माणसांकडे बघू नका, गाय कुठे आहे ते बघा. पोखऱ्यात गाय असतेच. ती रस्त्यात उतरली की तिच्या आडोशानं चालायला लागा, गाड्या तिच्या पलीकडून येतील अशा बेतानं. शेपटीजवळ नको, खांद्याशी. गाईला धक्का लागला तर आपल्याकडे ड्रायव्हर तुरुंगात जातो. म्हाताऱ्याला लागला तर नुसती शिवी, तीही म्हाताऱ्यालाच. मधेच गाय थांबली तर तुम्हीही थांबा, घाई करू नका. ती पुढे निघाली की निघा.

ही युक्ती मितिनीची आहे. मी ती माझी म्हणून लिहिणार होतो.

तळं कसं आहे ते कळवा.

तुमचा मीत,
तेजबहादूर